सोमलाची झील

शाहिराचं नाव लोकांच्या तोंडी राहतं, डफ वाजवणाऱ्याचा हात दोन-चार जाणत्यांच्या लक्षात राहतो, आणि झीलकऱ्याला कोणी विचारत नाही. तो बिचारा मागे उभा. शाहिराने ओळ टाकली की तिचं टोक उचलायचं, लांबवायचं, वर चढवायचं आणि पुन्हा शाहिराच्या हाती सोपवायचं, एवढंच त्याचं काम. पंगत जेवून उठते तेव्हा आचाऱ्याचं नाव कोण विचारतं, तसलाच प्रकार.

पण ज्याने कलगी-तुऱ्याचा फड एकदा तरी कान देऊन ऐकला आहे, त्याला माहीत आहे की झील म्हणजे वेळ. समोरच्या पक्षाने सवाल टाकला की शाहिराला कोणी घटकाभर आडोशाला जाऊ देत नाही. भर सभेत, डफ वाजत असतानाच त्याला जवाब शोधायचा असतो आणि सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत तो बसवायचा असतो. तेवढा वेळ झीलकरी टेकेची, म्हणजे ध्रुपदाची, ओळ धरून ठेवतात. एकदा फिरवतात, दोनदा फिरवतात, सवाल अवघड असला तर गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत फिरवतात. शाहीर डोळे मिटून उभा, झील चढत चाललेली आणि हजारभर माणसं श्वास रोखून बसलेली. ज्याला ही गंमत कळत नाही त्याने खुशाल घरी बसून सुपारी कातरावी.

इंझोरीच्या शिवेवर जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला सोमला असा झीलकरी होता. काळा, उंच, मानेने जरा पुढे झुकलेला. बोलायला सुरुवात केली की आधी घसा खाकरायचा आणि मग बहुतेक वेळा बोलायचंच नाही. घरात बोली गोरमाटी, गावात वऱ्हाडी, आणि फडावर मात्र पोथीतली मराठी. अर्धे शब्द त्याला कळतही नसत. पण त्याने धरलेली ओळ कधी हलली नाही.

हा माणूस तुऱ्याच्या, म्हणजे शिवाची बाजू गाणाऱ्या, फडात शिरला तो दौलतरावांमुळे. दौलतराव इंझोरीचे शिंपी. दिवसा मशीन चालवायचं आणि सणासुदीला डफ उचलायचा. एकदा ते दुकानात बसले असताना नाल्याच्या पलीकडून कोणीतरी चुकलेल्या बैलाला हाक मारली. ती हाक निघाली ती संपेचना. दौलतरावांचा पाय मशीनवर थांबला. थोड्या वेळाने बैल सापडल्याच्या आनंदात सोमला दुकानासमोरून चालला होता, तर त्यांनी त्याला अडवलं.

"काय गा, मघाची हाक तुहीच काय?"

"हो जी."

"एका दमात मारली?"

"बैल दूर होता जी," सोमला म्हणाला. त्याला वाटलं, आरडाओरड केली म्हणून बोलणी बसणार.

बोलणी बसली नाहीत, फडात जागा मिळाली. बाकीच्या झीलकऱ्यांनी कुरकुर केली. तांड्यातला माणूस, त्याले आपले शब्द कसे येतीन, अशी. दौलतरावांनी एकच सांगितलं, शब्द शिकवता येतात, दम शिकवता येत नाही. मग मशीनच्या पायाच्या ठेक्यावर त्यांनी त्याला एकेक गाणं पाठ करून दिलं. आणि गाणं शिकवता शिकवता हातात सुईदोराही दिला. सोमला काजं करायला शिकला, बटणं लावायला शिकला.

हे काजं करणं म्हणजे किती मोठी गोष्ट होती ते तांड्यावाल्यांनाच विचारावं. हंगाम संपला की तांडा अर्धा रिकामा व्हायचा. लेकरंबाळं, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन लोक दूर कुठेतरी कामाला जायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी वाळून परत यायचे. सोमला आणि त्याची बायको कमलीबाई, दोघं लहानपणापासून तेच करत आले होते. दौलतरावांच्या दुकानात बसायला लागल्यापासून त्यांचं जाणं थांबलं. थंडीच्या दिवसांत स्वतःच्या झोपडीत, स्वतःच्या चुलीपाशी बसायला मिळतं याचं कमलीबाईला इतकं अप्रूप होतं की ती भाकरी थापता थापता मध्येच म्हणायची, "वस्तादले देव सुखी ठेवो." आणि सोमला मान हलवायचा. त्याच्या मनात हेच असायचं, फक्त तोंडातून निघायचं नाही. मी इथे दोघांचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे, घरी ते अर्थातच आपल्या गोरमाटीत बोलत.

आता तुऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. दौलतरावांच्या डफाच्या कडेला मोरपिसांचा, कलाबतूने बांधलेला तुरा होता. तो त्यांना त्यांच्या वस्तादाकडून आला होता आणि वस्तादाला त्याच्या वस्तादाकडून. भर फडात ज्याला सवालाचा जवाब देता येत नाही त्याने आपल्या डफाचं चिन्ह सोडून समोरच्याच्या हाती द्यायचं, असा रिवाज. मग त्या फडाने गाणी म्हणावीत, भजनं म्हणावीत, पण सवाल-जवाबाला उभं राहायचं नाही. दौलतरावांचा तुरा कधीच उतरला नव्हता. पण आता तो उतरण्याची वेळ जवळ आली आहे हे फडात एकट्या सोमलाला कळलं होतं.

दौलतराव विसरायला लागले होते. माप घ्यायचे आणि गिऱ्हाईक ओटा उतरायच्या आत पुन्हा हाक मारून माप घ्यायचे. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच लावल्या आणि वर सोमलालाच विचारलं, हे कोणी केलं. मागच्या साली एका फडात तर ते ओळीच्या मधेच थांबले. डोळे उघडे, तोंड उघडं आणि शब्द नाही. सोमलाने झट्‌दिशी झील उचलली आणि त्यांना शब्द सापडेपर्यंत फिरवत ठेवली. लोकांना वाटलं, काय रंगवलं आहे! दौलतराव खाली उतरल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

आणि अशा वेळी मानोऱ्याच्या नानाजींचं बोलावणं आलं. वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार म्हणून चावडीवर वाद चालले होते, त्या सालचा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मानोऱ्यात भव्य फड. तुऱ्याकडून इंझोरीचे दौलतराव, कलगीकडून कामरगावचे चांदभाई. चांदभाई जातीचे पिंजारी. गाद्या भरायचे, रजया भरायचे, आणि शक्तीची थोरवी गायला लागले की भले भले पंडित मांडी बदलून बसायचे. सवाल काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

नानाजींविषयी काय सांगावं? बाजारात त्यांचं मोठं दुकान, मंडप त्यांचा, आजूबाजूची दुकानांची पालं त्यांनीच बसवलेली, आणि यंदा कारंज्याहून लाउडस्पीकरचा पोंगाही आणलेला. गोड बोलणं. इतकं गोड की माणसाला ऐकल्यावर पाणी प्यावंसं वाटावं. सोमला रिळं आणायला बाजाराला गेला तेव्हा त्यांनी त्याला दुकानात बसवून घेतलं, चहा पाजला आणि हळूच विषय काढला.

"तुहा वस्ताद थकला गा सोमला. मी मागच्या फडाले होतो. तू सावरलं, मी पाह्यलं."

सोमलाने घसा खाकरला.

"पह्यल्याच सवालाले म्हातारा पडला, त फड दुपारीच संपते. लोक घरी जातीन. मंडप ओस, पालं ओस, माहा पोंगा कोनासाठी वाजवू? फड कसा दिवे लागेपर्यंत चालला पाह्यजे." मग ते जवळ सरकले. "चांदचा भारी सवाल मले समजला हाये. त्याच्याच फडातल्या एकानं सांगतला. घे ऐकून."

आणि त्यांनी सवाल सांगितला. समुद्र घुसळायला देवांनी वासुकी नागाची दोरी केली, तर त्या वेळी शंकराच्या गळ्यात काय होतं?

"हे बरोबर नाई जी," सोमला म्हणाला.

"काहून? कोनाचं काय गेलं यात? लोकायले मजा येते, वस्तादचा तुरा राह्यते, माहं दुकान चालते. चांदले कोनतं दुखनं आलं? ज्याचं मीठ खाल्लं त्याची लाज राखाची का नाई, तूच सांग."

हा शेवटचा घाव मात्र बरोबर बसला. सवाल आता कानात शिरला होता, तो काही बाहेर काढता येत नव्हता. इंझोरीपर्यंतच्या वाटेवर सोमलाने स्वतःशी पुष्कळ भांडण केलं. एकीकडे लबाडी, दुसरीकडे म्हाताऱ्याचं ते उघडं तोंड. ज्या माणसाने आपल्याला घर दिलं, त्याला हजार लोकांसमोर मुका झालेला बघायचं? गाव दिसायला लागलं तेव्हा भांडण संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी काज करता करता, मान वर न करता, तो म्हणाला, "वस्ताद, एक विचारू? वासुकीची दोरी केली, तवा महादेवाच्या गळ्यात काय होतं?"

मशीन थांबलं. "कोनाचा सवाल हा?"

"तांड्यात कोनी म्हनत होतं जी."

"तांड्यातले लोक लय हुशार झाले," दौलतराव हसून म्हणाले आणि विचारात पडले. मशीन चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. अंगरख्याची गळपट्टी पुरी होता होता त्यांनी मांडीवर थाप मारली. "काहीच नव्हतं! गळा मोकळा होता. मोकळा होता म्हनून त त्या गळ्यात इखाले जागा भेटली. नाग असता त इख कोठी ठेवलं असतं?"

जवाब खरोखरच सुरेख होता. म्हातारा इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे तो चालीत बांधला, सोमलाला पाठ करून दिला आणि पुढचे कित्येक दिवस कात्री चालवतानाही तोच गुणगुणत राहिला. गंमत म्हणजे हा एक जवाब तो विसरला नाही. त्याचा आनंद बघून सोमलाही खूश. इतका खूश, की सवाल कुठून आला हेही त्याच्या मनातून हळूहळू उतरून गेलं.

करीच्या दिवशी मानोऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी सजवलेल्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा, माणसांच्या अंगावर नवे कपडे, त्यातले निम्मे दौलतरावांनीच शिवलेले. पोंग्यावरून नानाजी सगळ्यांचं स्वागत करत होते आणि अधूनमधून आपल्या दुकानात आलेल्या मालाचीही माहिती देत होते.

आधी नमन झालं, मग हलके सवाल इकडून तिकडे गेले. दौलतराव मोकळे गात होते. ऊन कलायला लागलं तेव्हा चांदभाई पुढे आले, डफ छातीशी धरला आणि त्यांनी तो सवाल टाकला. समुद्र, रवी झालेला पर्वत, दोरी झालेला नाग, सगळं त्यांनी एकेका कडव्यात उभं केलं आणि शेवटी विचारलं, मग महादेवाच्या गळ्यात काय?

असा सवाल कोणी ऐकला नव्हता. आता तुऱ्याची झील किती वेळ चालते ते बघायला लोक सरसावून बसले.

सोमलाने टेक उचलली, एकदा फिरवली आणि सोडून दिली.

त्याने हे ठरवून केलं नाही. जवाब तयार आहे हे त्याच्या गळ्याला माहीत होतं, आणि पाठ गाण्यात झीलकरी जसा एका फेरीत ओळ परत देतो तशी त्याने ती दिली. जवाब तयार होताच, दौलतरावही त्याच ओघात गायला लागले. मोकळा गळा, विषाला जागा, सगळं एका दमात. लोकांनी टोप्या उडवल्या. पोंग्यावरून नानाजी ओरडले, वा वा!

पण पुढच्या रांगेत बसलेल्या जुन्या माणसांनी टाळी वाजवली नाही. ती एकमेकांकडे बघत होती. आणि चांदभाईंचा हात डफावर तसाच थांबला होता.

"दौलतभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "झील तुटली."

तेवढंच. पण फडाचं मीठ खाल्लेल्या प्रत्येकाला ते कळलं. इतक्या अवघड सवालाला झील एका फेरीत तुटते कधी? जवाब आधीच घरी शिजवून आणलेला असेल तेव्हा. याला फडाच्या भाषेत शिळा जवाब म्हणतात. शिळा जवाब गाणाऱ्याचा तुरा तर जातोच, त्याच्या नावालाही पुढे कोणी पाणी देत नाही.

दौलतरावांनी वळून सोमलाकडे पाहिलं. सोमलाचा चेहरा बघितल्यावर त्यांना विचारावं लागलं नाही. तांड्यातले लोक एकाएकी हुशार कसे झाले ते त्यांना समजलं. त्यांनी डफ खाली ठेवला.

"चांदभाई, जवाब शिळा हाये," ते सभेला ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माही हाये."

"वस्तादले माहीत नव्हतं!" सोमला पुढे धावला. आयुष्यात पहिल्यांदा तो घसा न खाकरता बोलला. "सवाल मी आनला. वस्तादनं माह्यावर भरोसा केला, दुसरं काही नाई केलं."

मग जो गलका झाला तो सांगायची सोय नाही. कोणी सोमलाला शिव्या दिल्या, कोणी त्याच्या तांड्याला. आणि पोंग्यावरून नानाजींचा आवाज आला, की आमच्या मंडपात असली लबाडी झाली याचं आम्हाला अतिशय दुःख होत आहे! माणसाने निर्लज्ज असावं, पण इतकं? सोमलाने त्यांच्याकडे बोट करायला हात उचलला. तो हात दौलतरावांनी धरला.

"नाव घेऊ नोको. नाव घेतल्यानं जवाब ताजा होत नाई."

एवढं बोलून त्यांनी तुऱ्याच्या गाठीला हात घातला. तेव्हा चांदभाई मध्ये आले. गलका थांबेपर्यंत त्यांनी हात वर धरून ठेवला.

"असा तुरा मी नाई नेत," ते म्हणाले. "सवाल माह्याच घरातून फुटला असन, त माही बी गर्दन खाली हाये. तो सवाल मी वापस घेतो. दुसरा टाकतो. जवाब देला, त तुरा तुमचा. नाई देला, त बाकायदा माहा. कबूल?"

"कबूल," दौलतराव म्हणाले.

चांदभाईंनी नवा सवाल टाकला, आणि पहिली ओळ ऐकताच जुन्या माणसांचे डोळे भरून आले. महादेवाचा संसार मसणात. तिथे पार्वतीने पहिल्या दिवशी चूल पेटवली, तर विस्तव कुठून आणला? चितेचा तर चालायचा नाही. हा सवाल नवा नव्हताच. तरुणपणी दौलतरावांनी स्वतः बांधलेला सवाल होता तो, आणि त्याचा जवाबही त्यांचाच. इंझोरीची शेंबडी पोरंही तो गात असत. चांदभाईंनी म्हाताऱ्याला त्याच्याच घरचं ताट वाढून दिलं होतं. आता हीही एक प्रकारची लबाडीच म्हणायची की माणुसकी, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर त्या दिवशी मानोऱ्यात त्याहून भली गोष्ट कोणी केली नाही.

सोमलाने टेक उचलली आणि फिरवली. पुन्हा फिरवली. दौलतराव डोळे मिटून उभे होते. झील चढत गेली. बाकीच्या झीलकऱ्यांचे आवाज एकेक करून बसले, सोमला एकटा धरून राहिला. नाल्यापलीकडच्या बैलालाही त्याने इतकी लांब हाक मारली नसेल.

दौलतरावांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. त्यांना आठवत नव्हतं.

सोमलाला जवाब पाठ होता. तिसरा डोळा. महादेवाच्या तिसऱ्या डोळ्याचा विस्तव पार्वतीने चुलीत नेला. झिलेच्या ओळीत 'डोळा' हा एक शब्द घुसडला असता, नुसता स्वर तिकडे वळवला असता, तरी म्हाताऱ्याला पुढचं सगळं सापडलं असतं. कोणाला कळलंही नसतं. तो शब्द सोमलाच्या जिभेवर येऊन बसला होता आणि गळ्याशी झोंबत होता. दौलतराव त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली. नको.

आणि सोमलाने झील साफ ठेवली. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शिरा फुगल्या होत्या, पण ओळ तीच. त्याच्या हातात वस्तादाला द्यायला आता फक्त वेळ होता, आणि तो त्याने छाती फुटेपर्यंत दिला.

शेवटी दौलतरावांनीच हात वर केला. झील थांबली.

"नाई आठवत, बाप्पा," ते म्हणाले आणि चक्क हसले. कित्येक महिने लपवून ठेवलेली गोष्ट एकदाची बोलून झाली होती. त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा मोकळा दिसत होता. "साऱ्यायचे उपकार हायेत. चांदभाई, तुमीच गा."

चांदभाईंनी जवाब गायला. चाल दौलतरावांची, शब्द दौलतरावांचे, आणि शेवटच्या ओळीत जिथे शाहीर आपलं नाव गुंफतो तिथे त्यांनी दौलतरावांचंच नाव ठेवलं. कलगीवाल्याच्या तोंडून तुऱ्याच्या शाहिराचं नाव त्या मुलखात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. टाळी मात्र कोणी वाजवली नाही. लोक नुसते उभे राहिले.

आता तुरा उतरवायचा. दौलतरावांची बोटं गाठीवर गेली. सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी बोटं, पण गाठ सुटेना. चांदभाईंना ते बघवलं नसावं.

"राहू द्या, दौलतभाऊ," ते म्हणाले. "जितनाऱ्याले काहीतरी न्या लागते, असा रिवाज हाये. तुराच न्या लागते असं कोनं सांगतलं? तुरा तुमच्या डफावर राहू द्या. मले हा झीलकरी द्या. असा दम मी उभ्या जिंदगीत नाई ऐकला."

सभेत पुन्हा कुजबुज झाली. दौलतरावांच्या फडातले बाकीचे लोक लगेच माना डोलवायला लागले. फार बरं झालं! तुरा राहतो आणि नाक कापणारा जातो. सोमला तर त्या क्षणी पुढे सरकलासुद्धा. ज्या तुऱ्यासाठी त्याने लबाडी केली तो असा वाचत होता. दुकान जाईल, इंझोरी जाईल, थंडीतली चूल जाईल. जाऊ द्या. वस्तादाचं देणं फिटतं आहे, यापेक्षा काय पाहिजे?

"जातो जी मी," तो म्हणाला. "खुशीनं जातो."

दौलतराव गाठ सोडतच होते. त्यांनी ती शेवटी दातांनी ओढली. तुरा सुटला. एकदा त्यांनी पिसांवरून हात फिरवला आणि तो चांदभाईंच्या ओंजळीत ठेवला.

"तुरा न्या, चांदभाई. मानूस नाई देत."

"दौलतभाऊ, इचार करा. पिढ्यायचा तुरा हाये."

"पिढ्यायचा हाये, पन पिसायचा हाये. हा माह्या घरचा हाये. चुकला. माह्यासाठी चुकला." मग ते सोमलाकडे वळले आणि दुकानात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "तिकडे कुठी चालला? डफ उचल."

सोमलाने डफ उचलला. मंडपात दिवे लागायचे होते. नानाजींचा फड शेवटी दिवे लागायच्या आत संपला, एवढं तरी देवाने बघितलं.

परतीच्या बैलगाडीत दौलतरावांना झोप लागली आणि त्यांचं डोकं सोमलाच्या खांद्यावर आलं. सोमलाने इंझोरी येईपर्यंत खांदा हलवला नाही. त्याच्या मनात इतकं काही दाटून आलं होतं की त्याला वाटलं, आता बैलाला मारतो तशी एक हाक मारावी, म्हणजे मोकळं होईल. पण म्हातारा जागा झाला असता.

तांड्यात कमलीबाई जेवायला त्याची वाट बघत बसली होती. त्याचे डोळे बघून तिने ताट बाजूला सारलं.

"काय झालं?"

"तुरा गेला," सोमला म्हणाला. "माह्यापायी गेला."

तिने सगळं ऐकून घेतलं. गाठोडं केव्हा बांधायचं, हेच तिच्या मनात असणार. शेवटी तिने विचारलं, "मंग वस्ताद काय म्हने?"

सोमलाला पुन्हा रडू आलं.

"उद्या लवकर येजो म्हने. काजं राह्यले हायेत."